कोणी कोणाचे बुडवले?

(द्वितीय वर्ष, कला)

'त्या माणसाने सात-सात वर्षे इन्कमटॅक्सचे रिटर्न भरलेले नाही' असे कोणी सांगितले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. बोटांत अंगठ्या, गादीखाली नोटा, आणि दोन वह्या. एक खरी, एक दाखवायची. माझ्याही डोळ्यांपुढे तेच होते. प्रत्यक्षात असा जो पहिला माणूस मला भेटला, तो आमच्या आईकडे रोज संध्याकाळी येणारा पिग्मी एजंट निघाला.

सकाळचे कॉलेज सुटले, की दुपारी एक ते सहा मी एका करसल्लागारांच्या कार्यालयात काम करते. गावात त्यांना सगळे 'वकीलसाहेब' म्हणतात. ते वकील नाहीत. पण ही चूक दुरुस्त करण्याचे त्यांनी केव्हाच सोडून दिले आहे. झेरॉक्स काढणे, फायली लावणे, आलेल्या 'पार्टी'ला बसवून पाणी देणे, फोनवरून ओटीपी विचारून घेणे ही माझी कामे. जानेवारी २०२५ पासून मी तिथे आहे. आई बाजारात भाजी विकते, वडील अडत्याकडे हमाली करतात. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिली, आणि टेबलामागच्या खुर्चीत बसून काम करणारीही मीच पहिली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झाले त्यात या खुर्चीचा वाटा मोठा आहे.

पिग्मी आपल्याकडे सर्वांच्या ओळखीची. पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या उडुपीच्या बँकेने १९२८ साली रोज दोन-दोन आणे गोळा करायची ही पद्धत सुरू केली. ती पसरत पसरत आपल्या पतसंस्थांपर्यंत आली. आमचे काका (मी त्यांना लहानपणापासून काकाच म्हणते) एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करतात. आईच्या पाटीपाशी साडेसहाला येतात. वीस रुपये घेतात, पावती देतात, पुढच्या पाटीकडे जातात. पाऊस असो, बंद असो. माझ्या अकरावीच्या प्रवेशाचे पैसे त्याच पुस्तकातून निघाले. शंभर-दीडशे माणसांचा रोजचा पैसा ज्याच्या हातातून जातो आणि ज्याच्या हिशेबात एका रुपयाची चूक सापडत नाही, असा हा माणूस.

फेब्रुवारी २०२५ मध्ये काका कार्यालयात आले. त्यांच्या मुलाला रिक्षासाठी कर्ज हवे होते. काका जामीन राहणार होते आणि बँकेने त्यांचे तीन वर्षांचे रिटर्न मागितले होते. साहेब बाहेर गेले होते. काका हळू आवाजात म्हणाले, "बाळ, मी तर कधी भरलंच नाही. आता काय होईल?" मी संगणकावरून मान न उचलता म्हणाले, "सगळे कागद घेऊन या, मग बघू."

हे वाक्य मी कोठे शिकले? तहसीलमध्ये, बँकेत, शाळेच्या दाखल्याच्या खिडकीवर. आई-वडिलांच्या मागे उभी राहून मी ते किती वेळा ऐकले असेल! आणि खुर्चीत बसून महिना होतो न होतो तोच ते माझ्या तोंडून आपोआप बाहेर आले. काकांनी मान हलवली, मांडीवरची पिशवी उचलली आणि ते गेले.

नंतर ते रोज आईकडे येत राहिले, पण त्यांनी हा विषय काढला नाही. माझ्याही तो डोक्यातून गेला. जुलैत एकदा भाकरी थापता थापता आई म्हणाली, "काकांचं काम झालं का गं? तुझ्याकडं जाऊन आले म्हणत होते." दुसऱ्या दिवशी मीच त्यांना बोलावून घेतले. त्यांनी तीच पिशवी टेबलावर ठेवली. आत प्लास्टिकच्या सात पिशव्या होत्या, प्रत्येकीला दोरा बांधलेला, वर बॉलपेनने वर्ष लिहिलेले. पतसंस्थेने दरवर्षी दिलेले टीडीएसचे प्रमाणपत्र, पासबुकाच्या झेरॉक्स, पेट्रोलच्या आणि दुरुस्तीच्या पावत्या. कागद एकही कमी नव्हता.

"हे मी तेव्हाही आणलं होतं," काका म्हणाले. तक्रारीच्या सुरात नव्हे. सांगायचे म्हणून सांगितले.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. या माणसाने सरकारचे काय बुडवले होते? साहेबांनी एकेक वर्ष मांडायला घेतले. पिग्मी एजंटाला मिळते ते कमिशन. संस्था त्यातून आधीच कर कापून सरकारकडे भरते. हा दर पूर्वी शेकडा ५ होता (टाळेबंदीच्या वर्षात काही महिने ३.७५) आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तो २ झाला. २०१८-१९ साली काकांचे कमिशन १,५२,००० रुपये. त्यातून कापले ७,६००. पुढच्या वर्षी कापले ८,२००. अडीच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला त्या काळात करच नव्हता. म्हणजे काकांना एक रुपयाही देणे नव्हते, कायद्याने विवरणपत्र भरण्याची सक्तीही नव्हती. आणि तरी दरवर्षी त्यांचे सात-आठ-दहा हजार रुपये सरकारकडे जाऊन पडत होते. ते परत मिळवण्याचा मार्ग एकच: विवरणपत्र भरून मागणे. संस्थेतल्या कोणीतरी कधीकाळी त्यांना सांगितले होते, "तुमचा टॅक्स कापून गेला, आता तुम्हाला काही करायचं नाही." काकांनी ते खरे मानले. रिटर्न भरायचे म्हणजे पुन्हा पैसे भरायचे, असा त्यांचा समज होता. माझ्या ओळखीतल्या दहापैकी नऊ जणांचा आजही तोच आहे.

सात वर्षांपैकी एकाच वर्षी, २०२२-२३ मध्ये, काका खरोखर देणे लागत होते. गावाकडच्या वडिलोपार्जित जागेतला त्यांचा वाटा त्या वर्षी विकला गेला होता. त्या नफ्यावरचा कर धरून आणि कापलेला टीडीएस वजा जाऊन ७,९५० रुपये भरायचे निघाले.

आणि इथे मला जे कळले, त्यासाठीच हा लेख लिहायला बसले आहे. मागे राहिलेल्या वर्षांना कायद्यात दोन दारे आहेत. ज्याला सरकारला पैसे द्यायचे आहेत त्याच्यासाठी २०२२ साली 'अद्ययावत विवरणपत्रा'चे दार काढले. आधी त्याची मुदत दोन वर्षांची होती, २०२५ मध्ये ती चार वर्षांची झाली. या, उशिरा का होईना, दंड भरा आणि मोकळे व्हा! पण ज्याला सरकारकडून स्वतःचेच पैसे घ्यायचे आहेत, त्याला या दाराने आत येता येत नाही. परतावा निघत असेल तर अद्ययावत विवरणपत्र चालतच नाही. त्याची साधी मुदत करनिर्धारण वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपते. त्यानंतर उरते ते मागचे दार, म्हणजे विलंबमाफीचा अर्ज. तो आयकर आयुक्तांकडे जातो, 'खरीखुरी अडचण' होती हे पटवून द्यावे लागते, आणि ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांनंतर तोही करता येत नाही. याच परिपत्रकाने एक कोटी रुपयांपर्यंतचे दावे आयुक्तांच्या अधिकारात ठेवले आहेत. आमच्या काकांचा दावा ८,२०० रुपयांचा!

व्याजाचेही तसेच. आपण देणे लागत असू तर विलंबाला दरमहा शेकडा एक. सरकार देणे लागत असेल आणि आपण वेळेवर मागितले असेल, तर दरमहा अर्धा. आणि विलंबमाफीतून उशिरा मिळालेल्या परताव्यावर काहीच नाही. अर्थशास्त्राच्या तासाला आम्हाला शिकवतात, की पैशाला काळाची किंमत असते. ती किंमत कोणाच्या पैशाला असते, हे मला कार्यालयात कळले.

आता माझा हिशेब. २०१८-१९ चा विलंबमाफीचा अर्ज करण्याची शेवटची तारीख होती ३१ मार्च २०२५. काका माझ्यापुढे पिशवी घेऊन उभे होते ते फेब्रुवारीत. अर्ज मंजूर झालाच असता असे कोणी म्हणणार नाही, पण मागण्याचा हक्क तोवर जिवंत होता. जुलैत तो संपला होता. ७,६०० रुपये कायमचे गेले. दुसरे, २०२२-२३ चा कर. अद्ययावत विवरणपत्रावर जादा कर लागतो. या वर्षासाठी तो ३१ मार्च २०२५ पर्यंत शेकडा २५ होता, त्यानंतर ५०. व्याज, विलंबशुल्क, जादा कर सगळे धरून फेब्रुवारीत १२,८१४ रुपये भरून सुटका झाली असती. जुलैत भरावे लागले १५,७६९. ते काकांनी स्वतःची पिग्मी मोडून भरले. रिक्षाचे कर्ज तर केव्हाच मागे पडले होते. मुलगा दुसऱ्याची रिक्षा भाड्याने चालवतो आहे.

हे त्यांना सांगावे की न सांगावे? साहेब म्हणाले, "सांगून काय होणार? चार महिने तेही आले नाहीत." खरे आहे ते. पण मी सांगितले. काका हिशेबी माणूस. त्यांनी बोटांवर मोजले आणि म्हणाले, "दहा हजार पाचशे पंचावन्न." थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "असू दे. पण पुढच्या माणसाला पिशवी उघडायला सांगत जा."

उरलेल्या चार वर्षांचे आम्ही विलंबमाफीचे अर्ज केले. सारे मिळून साडेएकतीस हजारांच्या आसपास. त्यात 'विलंबाचे कारण' असा एक रकाना असतो. कार्यालयात त्याचा एक तयार इंग्रजी मजकूर आहे: आजारपणामुळे व कायद्याच्या अज्ञानामुळे. नाव बदलायचे आणि चिकटवायचा. काका सात वर्षांत एक दिवस आजारी पडले नव्हते. पडले असते तर आईच्या पावत्यांत खाडा दिसला असता. मी साहेबांना विचारले, "खरे कारण लिहू का?" ते म्हणाले, "लिही, पण एका पानात."

मी लिहिले: हा माणूस मराठी सातवी शिकलेला, प्रमाणपत्र दरवर्षी इंग्रजीत मिळे, ते परताव्यासाठी लागते हे देणाऱ्याने सांगितले नाही, तरी त्याने एकही कागद हरवू दिला नाही. माझे इंग्रजी बेताचे. आपल्याच इंग्रजी विभागातल्या सरांनी मधल्या सुटीत तो मजकूर तपासून दिला, लाल शाईने. परीक्षेबाहेरच्या कामासाठी इंग्रजीचा निबंध मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिला.

आता कोणी म्हणेल, कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही. माझ्या वाणिज्य शाखेतल्या मैत्रिणीने हेच ऐकवले. मान्य. पण मग ते अज्ञान दोन्ही बाजूंना सारखे महाग पडले पाहिजे. काकांचे नाव, पॅन, कापलेली रक्कम हे सगळे सरकारच्या संगणकात वर्षानुवर्षे होते. आम्ही फॉर्म २६ एएस उघडला तेव्हा एकेका तिमाहीची नोंद समोर आली. आपल्याकडे या माणसाचे पैसे आहेत हे सरकारला कळत होते. कळत नव्हते ते एकट्या काकांना.

साहेबांचे म्हणणे वेगळे. ते म्हणतात, सरकारलाही कधीतरी वही बंद करावी लागते. दहा वर्षांपूर्वीचे दावे उकरत बसले तर कारभार कसा चालायचा? यात तथ्य आहे. मी काही वही कायमची उघडी ठेवा म्हणत नाही. चार वर्षांनी बंद करा, पाच वर्षांनी करा. पण घेण्याची आणि देण्याची वही एकाच दिवशी बंद करा. आणि खरे करबुडवे नसतात असेही मला सुचवायचे नाही. दोन वह्यावाले लोक मी त्याच कार्यालयात पाहिले आहेत. गंमत म्हणजे त्यांचे रिटर्न कधी चुकत नाही! ३१ जुलै त्यांना तोंडपाठ असते. रिटर्न भरणे आणि प्रामाणिक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या खुर्चीत बसल्यावर आठ दिवसांत कळते.

दिल्लीत हा प्रश्न कोणाला पडतच नाही असेही नाही. १९६१ च्या कायद्याच्या जागी आणलेल्या नव्या आयकर विधेयकाच्या फेब्रुवारी २०२५ च्या मसुद्यात एक कलम असे होते, की मुदतीत विवरणपत्र न भरणाऱ्याला परतावा मागताच येऊ नये. संसदेच्या प्रवर समितीने ते वगळायला सांगितले आणि ऑगस्टमध्ये संमत झालेल्या कायद्यात ते राहिले नाही. हा २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यात 'आर्थिक वर्ष' आणि 'करनिर्धारण वर्ष' ही जोडगोळी जाऊन एकच 'कर वर्ष' आले, हे फार चांगले झाले. २०१८-१९ चे उत्पन्न २०१९-२० च्या नावाने का मांडायचे, हे काकांना समजावताना माझी दोन दुपारे गेली होती. जुन्या वर्षांना मात्र जुनाच कायदा लागू.

महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहून पुरा केला. अक्षरशत्रू शेतकऱ्याला कचेरीतले कारकून कसे नागवतात हे त्यात आहे. मी त्यावर प्रश्नोत्तरे लिहिली, गुणही बरे पडले. पण वाचताना मी नेहमी शेतकऱ्याच्या बाजूला उभी असे. त्या फेब्रुवारीत मी दुसऱ्या बाजूला बसले होते. काकांकडून लाच मागितली नाही, अपमान केला नाही. मान वर केली नाही, एवढेच. पण त्यांची मुदत टळायला तेवढे पुरले.

म्हणून गुरुजनांपुढे आणि माझ्या वर्गबंधू-भगिनींपुढे एक सूचना ठेवते. आपले राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी होते. आपण खड्डे खणतो, झाडे लावतो, आणि पुढच्या वर्षी बहुधा त्याच खड्ड्यांत पुन्हा लावतो. (रागावू नये, मीही खणले आहेत.) त्याऐवजी महिन्यातून एका शनिवारी बाजाराच्या दिवशी ग्रंथालयाच्या ओसरीवर चार टेबले मांडून बसलो तर? विवरणपत्रे भरून द्यायची नाहीत; ते जाणकाराचे काम. आपण फक्त पिशवी उघडायची. यात काय लिहिले आहे, कोणाकडे जायचे, शेवटची तारीख कोणती, एवढे मराठीत वाचून सांगायचे. लोक म्हणतात कला शाखेच्या मुलांना काय येते? वाचता येते, लिहिता येते. काकांच्या कामात साहेबांना अडले ते आकडेमोडीपाशी नाही, त्या एका पानाच्या मजकुरापाशी.

आणि ज्या-ज्या संस्था कर कापतात त्यांनी प्रमाणपत्राला एक मराठी चिठ्ठी लावावी: 'ही रक्कम तुमची असू शकते. विवरणपत्र भरून मागा. शेवटची तारीख अमुक.' तीन ओळींची चिठ्ठी. काकांच्या पतसंस्थेच्या सचिवांना मी हे जाऊन सांगितले. ते म्हणाले, "सभेपुढे ठेवतो." अजून सभा व्हायची आहे.

२०२४-२५ चे विवरणपत्र मुदतीत गेले आणि ७,७०० रुपये काकांच्या खात्यात जमा झाले. त्या दिवशी त्यांनी आईच्या पाटीवरून पाव किलो वांगी घेतली आणि पैसे मोजून दिले. आई नको म्हणत होती. बाकीचे चार अर्ज हा मजकूर देईपर्यंत लटकलेलेच आहेत. त्यांपैकी २०१९-२० च्या अर्जावर परवा विचारणा आली: इतका विलंब का झाला याचा अधिक खुलासा करावा. काका उद्या दुपारी दोनला येणार आहेत. पिशवी घेऊन. दोन ते तीन दुसरी कोणतीही पार्टी बसवायची नाही, असे मी साहेबांना सांगून ठेवले आहे.